गडद हिरवा निवडताना: जुन्या गाडीचा रंग शेड कार्डवर नाही, उन्हात ठरतो

माझ्याकडे १९५५ ची डुक्कर फियाट आहे. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही पद्मिनीची आजी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११००, गोल पाठ, फुगीर मडगार्ड आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे. काकांची गाडी, गिरगावात वाडीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली कित्येक वर्षं उभी होती. मला ती जुन्या अमेरिकन हॉट रॉडच्या वळणावर न्यायची होती, म्हणजे थोडी खाली बसलेली, साधी स्टीलची चाकं, कमीत कमी क्रोम आणि खोल गडद हिरवा रंग. बाकी सगळं जमलं पण रंग मला दोनदा करावा लागला. पहिल्यांदा मी शेड कार्डवरचा एक चौकोन बघून बोट ठेवलं, गॅरेजमध्ये ट्यूबलाइटखाली गाडी तयार झाली तेव्हा झकास दिसली, आणि सकाळी बाहेर काढली तर सरळ निळसर, मोरपिशी. रात्री तीच गाडी काळी. हिरवी अशी ती कधी दिसलीच नाही. सगळा रंग उतरवून परत सुरुवात केली आणि दुसऱ्या वेळी चार महिने फक्त रंग निवडण्यात घालवले. त्या चार महिन्यांत जे कळलं ते सगळं इथे लिहितोय, म्हणजे तुमच्यापैकी कोणी जुनी फियाट, अँबेसेडर, जीप, काहीही हिरवी करणार असेल तर एकदाच होईल.

आधी हॉट रॉडबद्दल दोन शब्द, कारण रंगाचा विचार तिथूनच सुरू होतो. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९३० आणि ४० च्या दशकांत जुन्या स्वस्त फोर्ड गाड्या घेतल्या, त्यातली सगळ्यात लाडकी १९३२ ची फोर्ड, कारण तिच्यात ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन मिळायचं. मडगार्ड वगैरे काढून गाडी हलकी करायची आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवायची. त्या गाड्यांवर नक्षीकाम नव्हतं, त्यामुळे सगळा भार आकारावर आणि रंगावर. गडद हिरवा तिथे शोभतो तो यासाठीच, तो आकाराला पुढे येऊ देतो. पण आकार पुढे येण्यासाठी रंग हिरवा दिसला पाहिजे, काळा दिसून चालत नाही, आणि सगळी मेहनत याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी कागद, मग डबा

हे कंटाळवाणं आहे पण पहिलं करा. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. रंग बदलायचा तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, जिथे तुमची गाडी असेल तिथे. इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा. टप कापणं, चॅसी बदलणं, दुसरं मोठं इंजिन टाकणं असली खऱ्या हॉट रॉडची कामं आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात. शिवाय २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पण तिची अटच ही आहे की चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा. म्हणून माझं स्पष्ट मत, पत्र्याला कात्री लावू नका. हॉट रॉडचा भाव रंग, चाकं आणि उंची यातूनच आणा.

आता हिरव्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला नियम १२१, ऑलिव्ह ग्रीन हा रंग सैन्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. खाजगी गाडीला तो देता येत नाही. गडद हिरव्याच्या शोधात माणूस हळूहळू पिवळसर-तपकिरी बाजूला सरकत जातो आणि कधी ऑलिव्हमध्ये शिरला ते कळतही नाही, जुन्या जीपवाल्यांच्या बाबतीत तर हे फारच होतं. तेव्हा शेड कार्डवर ती बाजू सुरुवातीलाच बाद करून टाका. आरएएलच्या (रंगांना ठरलेले नंबर देणारी एक युरोपियन पद्धत) कार्डात ६००३ हा नंबर म्हणजे चक्क ऑलिव्ह ग्रीन, त्याच्या आसपासही जाऊ नका.

पत्र्याची परीक्षा

रंग निवडायच्या आधी पत्रा कसा आहे ते बघा, कारण गडद चकचकीत रंग म्हणजे आरसा. क्रीम किंवा फिक्या राखाडी गाडीवर लपणारी लाट गडद हिरव्यावर दहा फुटांवरून दिसते. माझ्या डेंटरने एक साधी युक्ती दाखवली. प्रायमरनंतर त्याने दरवाजावर पाणी मारलं आणि मला खाली बसवून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायला लावलं, नळी सरळ दिसायला हवी होती ती हँडलच्या खाली सापासारखी वळली. हाताला तिथे काहीच लागत नव्हतं. मग त्याने काळ्या रंगाचा पातळ धुरकट हात (थर) मारला आणि लांब लाकडी ठोकळ्यावर ३२० चा पेपर लावून तिरका-तिरका घासला, उंच जागेवरचा काळा लगेच निघाला आणि खोलगट जागेत तसाच राहिला, कागदावर नकाशा काढावा तसा. लांबी (पुट्टी) कुठे भरायची ते त्या काळ्यावरून कळलं. हे काम नुसत्या हाताने पेपर धरून होत नाही, बोटांच्या रेघा उमटतात, ठोकळाच लागतो.

पत्रा एवढा सरळ करायचं बजेट नसेल तर खूप गडद हिरवा घेऊ नका, थोडा मधला घ्या. यात कमीपणा काही नाही, मधल्या हिरव्यातही जुन्या गाड्या सुंदर दिसतात.

कुठला हिरवा? आईला विचारा

गॅरेजमध्ये जाऊन "ब्रिटिश रेसिंग ग्रीन द्या" असं म्हणालात की काम झालं असं वाटतं. तसं नाहीये. या रंगाचा एक असा ठरलेला नंबर नाही. १९०२ मध्ये सेल्विन एजने नेपियर गाडीतून गॉर्डन बेनेट कप जिंकला, त्यामुळे १९०३ ची शर्यत ब्रिटनकडे आली, पण तिथे सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला बंदी म्हणून ती आयर्लंडमध्ये घेतली, आणि यजमानांच्या मानाखातर गाड्या आयर्लंडच्या शॅमरॉक पानाच्या हिरव्या रंगात रंगवल्या. म्हणजे सुरुवात उजळ हिरव्यापासून आहे. पुढे बेंटले, व्हॅनवॉल, लोटस असं करत प्रत्येकाने आपापला हिरवा वापरला, आणि आज त्याच नावाखाली एका दुकानात पानाचा हिरवा मिळतो आणि दुसऱ्या दुकानात जवळजवळ काळा. अमेरिकेतही तसंच, ब्रुस्टर ग्रीन म्हणून एक जुना रंग आहे, न्यूयॉर्कच्या बग्ग्या बनवणाऱ्या ब्रुस्टर कंपनीच्या नावाचा, तो सावलीत काळाच वाटतो. आणि १९६८ च्या मस्टँगवरचा हायलँड ग्रीन हा मेटॅलिक, तो उन्हात पार वेगळा उठतो. तेव्हा नावावर जाऊ नका.

मला खरी भाषा मिळाली ती घरात. मी तीन शेड घेऊन बसलो होतो, सगळे मला सारखेच, आणि आईने एका नजरेत सांगितलं, "हा रामाकडे जातोय, हा बॉटल ग्रीन, आणि हा शेवाळी." साड्यांच्या दुकानात आयुष्य गेलेल्या बायकांचे डोळे या बाबतीत कुठल्याही पेंटरपेक्षा तयार असतात. तेव्हापासून मी गडद हिरवे असेच चार घरांत टाकतो. रामा आणि मोरपंखीकडे झुकणारे म्हणजे आत निळा असलेले. मेंदीकडे झुकणारे म्हणजे आत पिवळा असलेले. शेवाळीत पिवळ्याबरोबर तपकिरीही असतो आणि तिथूनच पुढे ते ऑलिव्हचं बंदी असलेलं घर लागतं. आणि बॉटल ग्रीन, जो मधला, थोडा काळा-राखाडी मिसळलेला. आंब्याच्या जुन्या पानाची वरची बाजू बघा, पावसात धुतलेली, तो माझ्या मते जुन्या गाडीसाठी सगळ्यात योग्य हिरवा, मेंदीच्या बाजूला जेमतेम अर्धं पाऊल टाकलेला बॉटल ग्रीन. का ते सांगतो. मुंबईचं आभाळ वर्षातले बरेच महिने पांढुरकं असतं, समुद्राचा उजेड निळसर, आणि गडद चकचकीत गाडी हे सगळं आभाळ अंगावर घेते, त्यामुळे निळ्याकडे झुकलेला हिरवा इथे आणखीनच निळा दिसतो. माझी गाडी पहिल्या वेळी मोरपिशी दिसली ती याचमुळे. आत थोडा पिवळा असला की आभाळाचा निळा पडूनही हिरवा हिरवाच राहतो.

सुरुवातीला तीनच उमेदवार ठेवा, जास्त नको, डोकं फिरतं. कार्ड हवंच असेल तर आरएएलमधले ६००५ मॉस ग्रीन, ६००७ बॉटल ग्रीन आणि ६००९ फर ग्रीन हे बघायला बरे. पहिला त्यातल्या त्यात स्वच्छ हिरवा आणि किंचित थंड, दुसरा पिवळसर बाजूचा, तिसरा बराच काळा. ६०१२ ब्लॅक ग्रीन गाडीवर मला तरी राखाडी-काळा वाटतो, त्यासाठी एवढा खर्च करायचा तर सरळ काळाच करा.

झाकणातला थेंब

ही युक्ती मला कलिनाच्या बाजूच्या एका मिक्सिंगच्या दुकानात शिकायला मिळाली आणि माझ्यासाठी सगळ्यात मोलाची ठरली. गडद रंग डब्यात बघून त्याच्या आत काय आहे ते कळत नाही, तो इतका दाट असतो. दुकानातल्या मुलाने पांढऱ्या रंगाच्या डब्याचं झाकण घेतलं, त्यात चमचाभर पांढरा ओतला, आणि काडीने माझ्या गडद हिरव्याचा एक थेंब टाकून फिरवला. तीन डबे, तीन झाकणं. पहिल्या झाकणात चक्क फिरोजा रंग आला, समुद्राच्या चित्रात असतो तसा. दुसऱ्यात पुदिन्याच्या चटणीत दही घातल्यासारखा. तिसऱ्यात मळकट, राखेसारखा. डब्यात तिन्ही सारखे दिसत होते बरं का! फिरोजा आला तो माझ्या पहिल्या चुकीचाच भाऊ.

कारण असं की गडद हिरवे बरेचदा थॅलो ग्रीन नावाच्या रंगद्रव्यावर बनतात. हे द्रव्य टिकाऊ आहे, उन्हाला दाद देत नाही, पण त्याचा एक प्रकार चांगलाच निळसर असतो आणि दुसरा पिवळसर, आणि मिक्सिंगवाल्याने कुठला घेतला त्यावर सगळं अवलंबून. त्याला हिरव्याच्या जागेवर आणायला पिवळा मिसळतात, आणि हा पिवळा जर कच्चा असेल तर उन्हात आधी तोच उडतो आणि काही वर्षांत गाडी निळी होत जाते. म्हणून दुकानात विचारा की पिवळा कुठला टाकताय, ऑक्साइडचा आहे की दुसरा. यलो ऑक्साइड थोडा मंद असतो, झगमग कमी, पण उन्हात पक्का, आणि जुन्या गाडीवर तो मंदपणाच छान दिसतो. काळा जरा बेतानेच, कारण काळ्याने गडद केलेला हिरवा मेलेला दिसतो. दोन थेंब लाल ऑक्साइड टाकून गडद केलेला हिरवा जिवंत राहतो, फक्त तपकिरीकडे जाऊ द्यायचा नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. दोन वेगळ्या द्रव्यांनी बनवलेले दोन हिरवे ट्यूबलाइटखाली अगदी जुळे दिसतात आणि बाहेर नेले की सावत्र भाऊ. यात डोळ्याचा दोष नाही, उजेड बदलला की प्रत्येक द्रव्य वेगळं वागतं. म्हणून दुकानाच्या आत कधीही "हा फायनल" असं म्हणू नका, झाकण हातात घ्या आणि फुटपाथवर या.

वळणाचा तुकडा रंगवा

सपाट पट्टीवर रंग बघून काही कळत नाही कारण गाडी सपाट नसते. भंगारवाल्याकडून एखादं वाकडंतिकडं मडगार्ड घ्या, स्कूटरची डिकी घ्या, जुनी स्टीलची कढई पण चालेल, फक्त गोल वळण हवं आणि आकार निदान दीड फूट. तीन उमेदवारांसाठी तीन तुकडे. एका मडगार्डवर तीन पट्टे ओढू नका, शेजारचा रंग डोळ्याला फसवतो.

तुकड्यावर तेच सगळं करा जे गाडीवर करणार आहात. तोच प्रायमर, तीच स्प्रे गन, तेवढेच हात, वरून क्लिअर (पारदर्शक चमकीचा थर) मारणार असाल तर क्लिअरसुद्धा. गडद हिरव्याखाली गडद राखाडी सरफेसर (रंगाखालचा प्रायमरचा थर) घ्या, पांढरा नको, पांढऱ्यावर हिरवा भरायला जास्त हात लागतात आणि कडांवर तो पातळ पडून उजळ दिसतो. रंग भरला की नाही हे बघायला एक सोपं काम करा, कागदावर काळे-पांढरे चौकोन छापून तो तुकड्याच्या बाजूला चिकटवा आणि त्यावरून पण गन फिरवा, चौकोन दिसेनासे व्हायला किती हात लागले ते मोजून लिहून ठेवा. माझ्या रंगाला तीन लागले. गाडीवरही तेवढेच मारायचे, एका दरवाजाला दोन आणि दुसऱ्याला चार झाले की दोन दरवाजे दोन रंगाचे.

मग हे तुकडे निदान आठवडाभर फिरवायचे. मी ते वरळी सी फेसला नेले, वाडीत नेले, एकदा पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली उभे केले. सकाळी आठच्या उन्हात, दुपारी एकला, आणि मावळतीच्या आधी अर्धा तास, असे तीन वेळा बघा, आणि एकदा पावसाळी ढगाळ दिवशी. रात्री पिवळ्या रस्त्याच्या दिव्याखाली कुठलाही गडद हिरवा काळाच दिसणार, त्या दिव्यात हिरवा परत पाठवायला उजेडच नसतो, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मात्र दुपारच्या उन्हात जो काळा दिसतो तो बाद. दोन फुटांवरून बघा आणि वीस फुटांवरून बघा. वीस फुटांवरून मडगार्डचं वळण हरवलं, नुसता काळा डाग दिसला, तर एक पायरी उजळ घ्या. गडद रंगावर आकार सावलीने दिसत नाही, चमकेने दिसतो, वळणावरून सरकणारी ती पांढरी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना उजळ हिरव्यातून गडद हिरव्यात जाणारा पट्टा, तो पट्टा दिसला पाहिजे. माझ्या मावसभावाने कुलाब्याहून परत येताना मडगार्ड मांडीवर धरलं होतं, सूर्य समोरून, आणि त्या पट्ट्यात एकदम पानासारखा हिरवा पेटला, तिथेच दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तोच रंग ठरला.

फोनवर फोटो काढून ठरवू नका. फोन आपल्या मनाने रंग सुधारतो, तोच तुकडा सावलीत निळा आणि उन्हात पिवळा दाखवतो. फोटो आठवणीसाठी ठीक.

सॉलिड की मेटॅलिक

१९६० च्या आधीच्या गाडीला सॉलिड. यावर माझं मत पक्कं आहे. मेटॅलिकमधले ॲल्युमिनियमचे कण मोठ्या सपाट बॉनेटवर छान खेळतात पण डुक्कर फियाटच्या फुगीर अंगावर ते वळणावळणाला उजळ-गडद होतात आणि आकाराची रेघ पुसून टाकतात, शिवाय नंतर एक मडगार्ड ठोकलं गेलं तर मेटॅलिक जुळवताना पेंटरच्या नाकी नऊ येतात. मॅट हिरवा पण हल्ली लोक करतात, हॉट रॉडच्या जगात तो चालतोही, पण त्याला पॉलिश करता येत नाही आणि कावळ्याची शिट दोन दिवस राहिली की डाग कायमचा. झाडाखाली पार्किंग असेल तर विचारही नको.

सॉलिडमध्ये दोन रस्ते आहेत. एक, सिंगल स्टेज टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग), म्हणजे रंगातच चमक, वरून क्लिअर नाही. दुसरा, बेस कोट आणि त्यावर टू-के क्लिअर. सिंगल स्टेजचा देखावा जुन्या गाडीला जास्त खरा वाटतो, चमक जरा मऊ, आणि ओरखडा पडला तर तेवढंच घासून दुरुस्त होतं. क्लिअरमध्ये ऊन अडवणारी द्रव्यं असतात त्यामुळे खालचा हिरवा जास्त टिकतो. गाडी बिल्डिंगच्या खाली किंवा गॅरेजमध्ये झाकून राहणार असेल तर सिंगल स्टेज. रस्त्यावर उन्हात उभी राहणार असेल तर बेस-क्लिअर. माझी वाडीच्या सावलीत राहते, मी सिंगल स्टेज केली.

सोबतचे रंग

हिरवा एकटा येत नाही. चाकं, सीट, क्रोम, नंबर प्लेटच्या भोवतीची रबरं, हे सगळं त्या तुकड्याजवळ ठेवून बघा. माझी निवड, क्रीम रंगाची स्टील चाकं आणि पिंगट-तपकिरी सीट. पांढरीशुभ्र चाकं टोचतात, क्रीम बसतात. अमेरिकन हॉट रॉडवर लाल चाकं खूप दिसतात आणि बॉटल ग्रीनवर ती शोभतातही, पण लाल जरा मरूनकडचा घ्या, टोमॅटो नको. काळ्या सीट नकोत, बाहेर गडद आणि आतही गडद झालं की लहान गाडी बंद पेटीसारखी वाटते. कडेने बारीक रेघ ओढायची तर एकच, क्रीम, पाव इंचापेक्षा बारीक, ब्रशने हाताने ओढणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडूनच करून घ्या.

आणि टप पिवळा किंवा पिवळसर क्रीम करू नका. मुंबईत खाली गडद आणि वर पिवळं म्हणजे टॅक्सी, काळी-पिवळी आपल्या डोळ्यांत इतकी बसलीय, आणि रात्री तुमचा हिरवा काळाच दिसणार आहे, फियाटचा आकार म्हटल्यावर लोक हात करणारच.

मिक्सिंग, हवामान आणि गन

रंग ठरला की मिक्सिंगच्या दुकानातून सगळा माल एकाच वेळी, एकाच बॅचमध्ये घ्या. आतून-बाहेरून दरवाजांच्या कडांसकट फियाटएवढ्या गाडीला तीन लिटरच्या आसपास रंग लागतो, मी चार बनवून घेतला आणि उरलेला ठेवला. दोन डबे वेगवेगळे बनले असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून परत भरा. फॉर्म्युल्याची चिठ्ठी, कुठला टिंट किती ग्रॅम, छापून मागून घ्या, काही दुकानदार देत नाहीत, आधीच बोलून ठेवा. आणि चार लिटर बनवायच्या आधी पाव लिटर बनवून तुमच्या निवडलेल्या तुकड्याशी उन्हात ताडून बघा, ओला नाही, सुकलेला, कारण सिंगल स्टेजचा रंग सुकल्यावर थोडा गडद होतो.

काम कधी करायचं याला मुंबईत एकच उत्तर आहे, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. जूनच्या तोंडावर "पटकन मारून टाकू" म्हणणाऱ्या गॅरेजचं ऐकू नका. ओल्या हवेत थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढरट धुकं येतं, आणि टू-केचं हार्डनर तर पाण्याशीच रिॲक्ट होऊन बारीक फोड आणतं. फिक्या गाडीवर हे खपून जातं, गडद हिरव्यावर दुधाळ डाग दिसतो तो दिसतोच. थंडीतही कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायला लावा, गनच्या आधी पाण्याचा ट्रॅप आहे का ते स्वतः बघा. जमिनीवर पाणी मारून धूळ बसवा.

माझे पेंटरचाचा चाळीस वर्षं हेच काम करतात, त्यांनी गन हातात घ्यायच्या आधी मला एकच गोष्ट सांगितली, "जल्दी मत करवाना, एक हाथ के बाद चाय पीने का." म्हणजे दोन हातांच्या मधे दहा-पंधरा मिनिटं, रंगाचा ओलावा जाऊ द्यायचा. घाई केली की ओघळ येतात आणि आत अडकलेला थिनर नंतर चमक घालवतो. डब्यामागे हार्डनरचं प्रमाण लिहिलेलं असतं तेच घ्या, अंदाजाने ओतू देऊ नका.

आणि हे मनापासून सांगतो, टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की आयुष्यभराचं. तोंडाला रुमाल बांधून फवारणारे पेंटर मी कितीतरी बघितलेत. तुमच्या पेंटरला बाहेरची हवा पुरवणारा मास्क मिळवून द्या, ते शक्यच नसेल तर निदान नवीन कार्ट्रिजचा चांगला मास्क, आणि जागा उघडी. एवढ्या खर्चाच्या कामात त्याच्या फुप्फुसांसाठी पैसे वेगळे काढा, त्याच्याशी घासाघीस नको.

रंग मारून झाल्यावर निदान रात्रभर हात लावू नका. मग १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरने घिसाई करून पॉलिश, पण कडांवर जपून, कडेला रंग पातळ असतो आणि पॉलिशरच्या एका फेऱ्यात प्रायमर दिसतो. कडांवर टेप लावा, शेवटी हाताने करा. महिनाभर वॅक्स नको, आतलं थिनर पूर्ण निघू दे. धुळीचं सुकं फडकं गडद हिरव्यावर कधीच मारू नका, चक्राकार ओरखडे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात, आधी पाण्याने धूळ सोडवायची आणि मग मऊ मायक्रोफायबर. समुद्राजवळ राहत असाल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणं हवंच.

उरलेला रंग हार्डनर न घालता छोट्या डब्यांत काठोकाठ भरून ठेवा, अर्धा भरलेला डबा आतल्या हवेने साय धरतो. झाकणावर तारीख लिहा आणि त्याच रंगाचा एक ठिपका लावा. फॉर्म्युल्याची चिठ्ठी मी लॅमिनेट करून ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला चिकटवलीय, आणि ते मडगार्ड, मांडीवर धरलेलं, अजून माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय, कारण पुढेमागे दरवाजा ठोकला गेलाच तर नवीन मिक्स त्या तुकड्याशी, बाहेर उन्हात धरूनच जुळवायचंय.